धवलारणीचे दात

जेवायला बसायच्या आधी आमची धवलारीण भिंतीकडे तोंड करायची, तोंडात बोट घालायची आणि कट् आवाज करून काहीतरी काढायची. नवीन माणसाला वाटायचं, म्हातारीची कवळी आहे. मग ती वळून हसायची, तर तोंडात सगळे दात जागच्या जागी! नवीन माणूस घास हातात धरून बघत राहायचा. तिला त्यात फार मजा वाटायची. "मोज गो, मोज," म्हणायची. "येक तरी कमी हाय का?"

ती कवळी नव्हतीच. दातांवर बसणारं पारदर्शक प्लास्टिकचं कव्हर होतं, नखाएवढं पातळ, पाण्यात टाकलं तर शोधावं लागेल असं. डॉक्टर लोक त्याला अलाइनर म्हणतात. वाकडे दात त्याने हळूहळू सरळ होतात. शिकलेल्या पोरी लग्न ठरायच्या आधी लावतात. आमच्या बाईने साठीला टेकल्यावर लावलं.

ती माझी धाकटी जाऊ. पण तिला आमच्या गावात, राहनाळमध्ये, कुणी काकी म्हणत नव्हतं की वहिनी म्हणत नव्हतं. धवलारीण म्हणायचे. तिचा मुलगाही चारचौघांत तेच म्हणायचा. आमच्या आगरी घरांत लग्नाचे धवले गातात, ते गाणारी ती धवलारीण. ती गाते आणि मागच्या बाया ओळ उचलतात. मांडव घातल्यापासून अक्षता पडेपर्यंत तिच्या गाण्याशिवाय पुढचं काम होत नाही. गाण्यातून ती देवांना लग्नाला बोलावते, गावदेवीला बोलावते, आणि मग घरातल्या गेलेल्या माणसांना बोलावते, एकेकाचं नाव घेऊन.

हे नावांचं काम मोठं. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, भावजय थोरल्या दिराचं घेत नाही, सून सासूसासऱ्यांचं घेत नाही. माणूस गेला की घरच्या बाईच्या तोंडून त्याचं नाव निघायची जागा एकच, ती म्हणजे मांडव. तिथे धवलारणीला सगळी सूट असते. माझे मालक गेले त्याला पुष्कळ वर्षं झाली. त्यांचं नाव मी तोंडाने कधी घेतलं नाही, आता लिहिते, शांताराम. ते नाव मी ऐकायचे ते आमच्या धवलारणीकडूनच, लग्नाच्या दिवशी.

तिचा आवाज दांडगा होता. माइक नसायचा तेव्हा गावाच्या ह्या टोकाला गायली की त्या टोकाला भाताची मळणी करणाऱ्यांना कळायचं, कोणाच्या घरचे देव आले ते. पण दात! वरचे पुढचे दात वयाबरोबर सुटत गेले, सुपासारखे पुढे आले, आणि मधल्या दोघांत एवढी फट पडली की त्यातून 'स' आणि 'श' नुसते शिटी होऊन बाहेर पडायचे. त्याला कारण मिश्री, भाजलेल्या तंबाखूची पूड. दिवसातून चार वेळा तळहातावर घेऊन हिरड्या घासायची. माइक नव्हता तोवर शिटी कुणाला कळली नाही. मग पुतण्याच्या लग्नात पोरांनी माइक आणला आणि दारात ताडाएवढे स्पीकर लावले. देवांची नावं झाली, पितरांची सुरू झाली, आणि ती मालकांच्या नावाला आली. स्पीकरमधून अशी शिटी निघाली की मांडवातली पोरं खाली बसून हसली. कुणीतरी ते मोबाइलवर घेतलं. संध्याकाळपर्यंत अंबाडी गावापर्यंत पोचलं.

मी घरी आल्यावर तिला तोंडावर म्हटलं, "तुझ्या तोंडातून आता गाणा येत न्हाय, शिटी येते. सोड."

रडेल असं वाटलं होतं. तिने पदर खोचला आणि म्हणाली, "पितरांचे नावावर हसली पोरां. तुझे घोवाचे नावावर हसली. आता गाईन तर दात धड करून गाईन, नायतर गायची न्हाय."

मी म्हटलं, ह्या वयात दात धड करायला तू काय नवरी आहेस? ती म्हणाली, "नवरी न्हाय. नवरीला मांडवात बसवणारी हाय."

त्याच सुमारास माझ्या नातीचं, मानसीचं लग्न ठरलं, अंबाडीला. लग्न पुढच्या वैशाखात करायचं होतं. बोलणी करायला मुलाकडचे आले. विहीण शिकलेली, बोलायला गोड. ती म्हणाली, "आमच्याकडे आता धवले स्पीकरवर लावतात. मस्त रेकॉर्ड केलेले मिळतात, म्युझिकसकट. उगाच कुणाला त्रास नको." मी हो म्हणणार होते. विहिणीने तो व्हिडिओ बघितलाय हे मला तिच्या तोंडावरून कळत होतं.

धवलारीण चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने ट्रे खाली ठेवला आणि विचारलं, "त्या रेकॉर्डवाल्या बाईला माझे सासऱ्याचा नाव माहीत हाय का?"

विहिणीने चहाचा कप उचलला.

"मग ती आमची माणसां बोलवेल कशी?"

शेवटी मानसी मध्ये पडली. म्हणाली, "काकीआजी गाईल. मी तिला डॉक्टरकडे नेते. नाही जमलं तर स्पीकर लावू." विहीण हसून म्हणाली, बघू या. त्या बघू या मध्ये काय होतं ते आम्हा सगळ्यांना कळलं. धवलारणीला तर जास्तच कळलं.

भिवंडीत मानसीच्या ओळखीची एक डॉक्टरीण होती, डोक्याला रुमाल बांधणारी तरुण मुसलमान पोरगी. मी पण गेले होते, मला बघायचं होतं. तिने तोंडात आरसा घातला, दात हलवून बघितले, फोटो काढले आणि म्हणाली, "अम्मा, पहले मिश्री बंद. मसूड़े ठीक होंगे, तब दाँत हिलाऊँगी. वरना सब हाथ में आ जाएगा."

"किती दिवस बंद?"

"हमेशा."

मी मनात म्हटलं, झालं, परत चला. पण धवलारीण म्हणाली, "बंद म्हणजे बंद." आणि रिक्षात बसल्या बसल्या कमरेची मिश्रीची डबी काढून माझ्या हातात दिली, मी काय करावं ते न सांगता. ते महिने वाईट गेले. मोकळं बोट हिरडीवर फिरवत बसायची, घरच्यांवर ओरडायची, सुनेने केलेल्या कालवणात खोट काढायची. पण डबी मागितली नाही. हिरड्या सुधारल्या. मग डॉक्टरणीने दातांवर बारीक बारीक दाणे चिकटवले, कव्हर पकडून ठेवायला, आणि कव्हरांच्या पिशव्या दिल्या. दर आठवड्याला नवीन कव्हर घालायचं, प्रत्येक कव्हर दाताला थोडं जागेकडे ढकलतं. डॉक्टरणीने हुकूम सांगितले. जेवायचं आणि घासायचं सोडून दिवसरात्र तोंडात. घातलेलं असताना साध्या पाण्याशिवाय काही नाही. चावून बसवायचं नाही, बोटाने दाबून बसवायचं. गरम पाण्याने धुवायचं नाही. जुनं जपून ठेवायचं.

"तोंड रिकामं ठेवू नको," हे तिचं आणि आमचं रोजचं वाक्य झालं. घरात कुणीही तिला बिनकव्हराचं बघितलं की ओरडायचं. पण ओरडायची गरज फारशी पडत नव्हती. तिने ते सगळं व्रतासारखं धरलं. कव्हराची डबी देव्हाऱ्यात, गणपतीच्या शेजारी. नवीन कव्हर सोमवारीच घालायचं, आंघोळ करून, हात जोडून. उपासाच्या दिवशी दिवसभर काही खायचं नसायचं, म्हणून दिवसभर कव्हर काढायचं नसायचं, त्या दिवशी तर तिचा तोराच वेगळा. मानसी हसून लोळायची. "काकीआजी, ही ट्रीटमेंट आहे, सोळा सोमवार नाही." धवलारीण म्हणायची, "तू तुझा काम कर. देवाला आणि डॉक्टरणीला उलटा बोलाचा न्हाय."

चहाने मात्र गावात भांडणं लावली. आमच्याकडे कुणाच्या ओट्यावर टेकलं की चहा येतोच, आणि तो नाही म्हटला की माणूस रुसतो. ही सगळीकडे नाही म्हणायला लागली. सकाळी न्याहारीबरोबर एकदाच प्यायची, मोठा पेला भरून. बाकी दिवसभर पाणी. बाया म्हणायला लागल्या, शेतावर बांधलेल्या गोदामाचं भाडं येतंय हिला, आता आपला चहा कशाला गोड लागेल. एक तर तोंडावर बोलली. धवलारीण म्हणाली, "चाय तुझे हातचाच पिईन, पन चपाती दे बरोबर. चपातीशिवाय मना तोंड उघडायची परवानगी न्हाय." त्या बाईला चपात्या लाटाव्या लागल्या. पुढे तिला चहा विचारताना लोक विचार करून विचारायचे.

आणि बोलणं! पहिलं कव्हर बसलं तेव्हा जीभ जड झाली. फट झाकली म्हणून शिटी गेली, पण 'स' ओला ओला, तोंडात पाणी धरून बोलल्यासारखा. म्हणजे सराव पाहिजे. पितरांची नावं मांडवाबाहेर घ्यायची नाहीत, सरावाला तर मुळीच नाहीत. मग काय म्हणायचं? ती ओट्यावर तांदूळ निवडत बसायची आणि एसटीच्या कंडक्टरसारखी मोठ्याने ओरडायची, "शेलार, सोनाळे, शहापूर, वासिंद, आसनगाव! शेलार, सोनाळे, शहापूर..." रस्त्याने जाणारे गोदामाचे हमाल थांबून हात करायचे, "मौसी, एक वासिंद देना!" ती म्हणायची, "गाडी फुल हाय, पुढची बघ!" पावसाळा संपेपर्यंत तिचा वासिंद असा स्वच्छ निघायला लागला की मला माझेच कान खोटे वाटले. दातही सरकत होते. दिवाळीत फटीत तांदळाचा दाणा उभा राहायचा, माघात जेमतेम सुई जायची.

वैशाख आला. घरात लग्न म्हणजे काय सांगू! अंगणात मांडव, चुलीवर मोठी पातेली, तांदळाच्या पिठाचे ढीग, पाहुण्यांच्या चपला दारापासून रस्त्यापर्यंत. धवलारीण सगळ्या कामात पुढे. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी बाया हळद करत होत्या, तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे. मध्येच तिने दोन घास खाल्ले, चूळ भरली, आणि आता कव्हर घालायचं तर हात पिवळे. पिवळ्या हाताने दाबलं तर कव्हर पिवळं होईल, सगळे हसतील. म्हणून तिने मनगटाने ते तोंडात ढकललं आणि दातांनी कचकन चावून बसवलं.

आवाज मला चुलीपाशी आला. कव्हर मधोमध तडकलं होतं. मधल्या दोन दातांवर नेमकं.

मानसीने हळदीच्या गडबडीत डॉक्टरणीला व्हिडिओ फोन लावला. सगळ्या बाया मागे गोळा. डॉक्टरणीने तुकडे बघितले आणि शांतपणे म्हणाली, "कोई बात नहीं अम्मा. पुराना वाला पहन लो, पिछले हफ्ते का."

धवलारीण हाताची हळद चोळत बसली.

"पुराना कहाँ है?"

"खाडीत," धवलारीण म्हणाली.

"क्या?"

"विसर्जन केला."

मला हे माहीत नव्हतं, कुणालाच माहीत नव्हतं. दर सोमवारी नवीन घातलं की जुनं ती देव्हाऱ्यातल्या निर्माल्याबरोबर बांधून खाडीत सोडत होती. देवाजवळ ठेवलेली वस्तू कचऱ्यात कशी टाकायची, असं तिचं म्हणणं. आणि उतरलेली वस्तू परत अंगावर घालतं का कुणी? जपून ठेवायला सांगितलं होतं, तर खाडीपेक्षा जपून कुठे राहील? फोनवर डॉक्टरीण तोंडावर हात धरून बसली. हसत होती का रडत होती, दिसलं नाही. मानसी मात्र कपाळाला हात लावून म्हणाली, "काकीआजी, खाडीतल्या माशांचे दात सरळ झाले असतील."

सगळ्या हसल्या. मी हसले नाही. कारण पुढे काय ते मला दिसत होतं. कव्हर नसेल तर उरलेल्या बारीक फटीतून शिटी परत. सकाळी बिनकव्हराची बोलली तेव्हा मी ऐकली होती, बारीक, पण होती. आणि माइक बारीक गोष्टी मोठ्या करतो. विहीण उद्या पुढच्या खुर्चीवर बसणार होती, आणि माझ्या भाच्याने स्पीकरवर लावायचे रेकॉर्डचे धवले मोबाइलमध्ये तयार ठेवले होते, हेही मला माहीत होतं.

डॉक्टरणीने दात जवळून दाखवायला सांगितले, कधीपासून घातलं होतं ते विचारलं, आणि म्हणाली, "तो फिर अगला वाला लगा लो, आज ही. टाइट होगा, दुखेगा, ज़बान भी अटकेगी. पर मुँह खाली मत रखना."

मी म्हटलं, "येक दिवसाचा प्रश्न हाय. दुखलेल्या तोंडाने कशी गाशील? राहू दे. स्पीकर लावू."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी विषय सोडला. हात खसाखसा धुतले, पिशवी फोडली, नवीन कव्हर बोटाने दाबलं. डोळ्यांतून पाणी आलं, आवाज नाही. मग बोटाने बसवलेलं कव्हर घट्ट रुतायला डॉक्टरणीने दिलेली मऊ रबराची गुंडाळी चावत अंगणात फेऱ्या मारायला लागली आणि मध्येच रबर काढून, "शेलार, सोनाळे..." जीभ परत जड! पहिल्या दिवसासारखी ओली! मांडव बांधणारे, आचारी, पाहुणे, सगळे ऐकत होते. दुपारपर्यंत पाहुण्यांतल्या बायाही तिच्याबरोबर म्हणायला लागल्या. नवरीचा चुडा भरताना सगळ्या मिळून शहापूर, वासिंद, आसनगाव! कासार म्हणाला, हे कुठल्या गावचे धवले?

लग्नाच्या दिवशी वरात आली. धवलारणीचं तोंड गोड केल्याशिवाय गाणं सुरू होत नाही, गूळ मुलाच्या आईने भरवायचा असतो. विहीण गूळ घेऊन पुढे आली. धवलारणीने तोंड उघडलंच नाही. गूळ हातावर घेतला, कपाळाला लावला आणि पदराच्या टोकात बांधला. विहिणीचं तोंड उतरलं, मागे कुजबुज झाली. मी खुर्चीवरूनच मोठ्याने सांगितलं, "विहीणबाय, रागावू नका. तिच्या तोंडात तुमच्यासाठीच सामान भरलंय. गूळ गेला तर गाणा जाईल." विहीण हसली आणि बसली. नेमकी पुढच्या खुर्चीवर.

मग ती गायली.

सुरुवातीला हळू. ताठ बसून, ओठ कमी हलवून. मला वाटलं दुखतंय. दुखतच होतं. पण त्या हळू गाण्याने एक झालं, मागच्या बायांना प्रत्येक ओळ नीट उचलता आली, आणि सगळ्या मांडवाला प्रत्येक शब्द ऐकू आला. देव आले. गावदेवी आली. पोरांनी मोबाइल वर केले होते, शिटीची वाट बघत. पितर सुरू झाले. सासरे आले, सासू आल्या. शिटी नाही. मी पदर दातांत धरला. मग तिने मालकांचं नाव घेतलं.

शांताराम. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, अख्खं, स्वच्छ, दोन्ही स्पीकरमधून, गोदामांपर्यंत! पोरांचे मोबाइल हळूहळू खाली आले. कुणी हसलं नाही. मी पण काही केलं नाही, पदर दातांतच राहिला.

तोच विहीण उठली. मला वाटलं काही चुकलं. ती वाकून धवलारणीच्या कानात म्हणाली, पण माइक चालू होता, सगळ्यांनी ऐकलं, "आमच्या सासूबाईंना पण बोलवाल का? त्यांचं नाव सरस्वती."

सुनेने सासूचं नाव घेतलं, पण शिकलेली बाई, शिवाय मांडव, चालून गेलं. धवलारणीने मान हलवली आणि बोलावलं. मग विहिणीचे सासरे. मग मुलाचा मोठा काका. मग अंबाडीचे लोक रांग लावून उठायला लागले, आमचा हा, आमची ती! भटजी घड्याळ दाखवत होता, मुहूर्त जातो म्हणत होता, आणि ही एकेकाला बोलावत होती. शेवटी मीच ओरडले, "पोरांचा लग्न होऊ दे, मेलेली माणसां थांबतील!" तेव्हा कुठे अक्षता पडल्या.

त्यानंतर तिला आमंत्रणं पुरेनात. पार गणेशपुरीपर्यंत जाऊन आली. दात पूर्ण सरळ झाले, मग रात्री घालायचं वेगळं कव्हर मिळालं, तेही तिने न चुकता घातलं. आरशात फारसं बघायची नाही. दात दिसायला चांगले झाले असं कुणी म्हटलं तर म्हणायची, "दिसायला न्हाय केले. ऐकायला केले."

गेल्या थंडीत एका सकाळी उठली नाही. झोपेतच गेली. रडणारे रडले. मी तिचं तोंड पुसलं, तोंडात सगळे दात होते आणि सगळे सरळ. चांगले दात जाळले आम्ही.

या वैशाखात मानसीच्या भावाचं लग्न झालं. स्पीकरचं नाव कुणी काढलं नाही. गायला बसली धवलारणीची सून, कविता, जी इतकी वर्षं तिच्या मागे बसून ओळ उचलायची. चांगली गायली, मोकळी गायली. पितरांना आली, मालकांचं नाव घेतलं, पुढची घेतली, आणि एकदम थांबली. मला कळलं का थांबली. सासूचं नाव तिने उभ्या जन्मात घेतलं नव्हतं. पहिल्यांदाच घ्यायचं, तेही माइकवर.

तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "घे."

तिने ओठ ओले केले आणि घेतलं, "सुशीला."

हळू आलं. मी म्हटलं, "आवाज न्हाय आला. परत घे, मोठ्याने घे."